जुन्या गाडीचे खाते

आपल्या घरांत नवी गाडी घ्यायची ठरली की महिनाभर खल चालतो. रंग, मॉडेल, मुहूर्त, कर्जाचा दर, कोणाच्या नावावर घ्यायची, सगळे विषय निघतात. जुनी गाडी मात्र एका दुपारी घेतली जाते. ओळखीचा कोणी विकतो आहे, गाडी घरातलीच म्हणायची, दोन लाखांचा तर प्रश्न आहे. एवढ्या बोलण्यावर व्यवहार पुरा होतो. एरवी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखणारा, कापडाचा काठ उलटून पाहणारा व्यापारी येथे बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. पुढे वर्षभर ती गाडी काय काय मागते याचा हिशेब कोणी मांडत नाही. मग दिवाळीच्या सुमारास "स्वस्तातली गाडी अंगाशी आली" हे वाक्य ऐकू येते. या महिन्यात त्या न मांडलेल्या हिशेबाविषयी लिहावयाचे आहे.

घसारा हा शब्द आपल्याला नवा नाही. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते आणि पहिल्या चार-पाच वर्षांतील उतार सर्वांत मोठा असतो. तो उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो, म्हणून गाडी आपल्याला स्वस्त मिळते. इथपर्यंतचा विचार सर्वजण करतात. पुढची पायरी अशी की, गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. सहा लाखांची गाडी दहा वर्षांनी दीड लाखाला मिळाली, तरी तिची क्लचप्लेट, तिचा रेडिएटर, तिचे टायर सहा लाखांच्या गाडीचेच राहतात आणि त्यांची आजची किंमत तर तेव्हापेक्षा वाढलेलीच असते. थोडक्यात, जुनी गाडी आपल्या आजच्या किमतीप्रमाणे खर्च मागत नाही, जन्माच्या किमतीप्रमाणे मागते.

हे एकदा ध्यानात घेतले की कोणती गाडी घ्यावी याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. आज एका नव्या छोट्या गाडीच्या किमतीत दहा-बारा वर्षे वापरलेली परदेशी बनावटीची आलिशान मोटार मिळू शकते. लग्नसराईच्या आधी असे सौदे विशेष होतात. वरातीपुढे ती शोभून दिसते हे खरे. पण तिच्या एअर सस्पेन्शनचा एक भाग निकामी झाला की त्या एका दुरुस्तीत एखाद्या जुन्या अल्टोची निम्मी किंमत जाऊ शकते. याउलट मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो यांसारख्या गाड्यांचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि त्या उघडून जोडण्यात कित्येक मिस्त्र्यांचे आयुष्य गेले आहे. मारुती ८०० तर १९८३ साली बाजारात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षे एकच गाडी देशभर खपली की तिच्या दुरुस्तीची विद्याही देशभर पसरते. स्वस्त जुनी गाडी घ्यावयाची तर जिच्या नव्या अवतारालाही आपण सहज परवडलो असतो अशीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीच्या वेळी किमतीचा पाचवा हिस्सा तरी वेगळा काढून ठेवावा. समजा, दीड लाखाची गाडी घेतली, तर तीस हजार रुपये तिच्याच नावाने बाजूला असावेत. तेवढे शिल्लक राहत नसतील तर सव्वा लाखाची गाडी पाहावी. विकणाऱ्याने शेवटच्या वर्षात गाडीवर खर्च केलेला नसतो, हे गृहीत धरूनच चालावे. विकायला काढलेल्या वस्तूवर कोणी पैसा घालत नाही. आपणही घालत नाही. त्यामुळे गाडी घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि झिजलेले पट्टे व नळ्या बदलून घ्याव्यात. "नुकतेच केले आहे" हे विकणाऱ्याचे शब्द बिल असेल तरच मानावेत. या पहिल्या बदलांची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले की आपले खाते खऱ्या अर्थाने सुरू झाले.

इंजिन ऑइलविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गाडी फारशी चालत नाही, दुकान ते घर आणि घर ते मंदिर एवढीच फिरते, म्हणून ऑइल लवकर बदलण्याची गरज नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. न जळलेल्या पेट्रोलचा अंश आणि थंड धातूवर जमलेला पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि तो वाफ होऊन उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळतच नाही. कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत दिलेली असते आणि कठीण वापरासाठी त्याहून कमी मुदत सांगितलेली असते. गावातल्या गावात थांबत-थांबत चालणारी गाडी या कठीण वापरातच मोडते. अशा जुन्या गाडीचे ऑइल सहा-सात हजार किलोमीटरला, आणि तेवढे अंतर झाले नाही तरी वर्षातून एकदा निश्चित बदलावे. दर पंधरा दिवसांनी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर मात्र इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे.

तरीही छोट्या गाडीचे इंजिन मरते ते बहुधा ऑइलने नव्हे, उष्णतेने. या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण येथे दोनशे-तीनशे रुपयांची नळी आणि संपूर्ण इंजिन यांच्यामध्ये केवळ पाच मिनिटांचे अंतर असते. इंजिनाभोवती फिरणारे पाणी रेडिएटरमध्ये येऊन थंड होते. त्या पाण्यात कूलंट मिसळलेले असते; त्याने उकळबिंदू वाढतो आणि आतील धातू गंजत नाही. जुन्या गाडीत वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतलेले आढळते. ज्या पाण्याने आपल्या घरातील गीझरमध्ये क्षार साचतात तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही क्षार साचवते. पाणी तांबूस दिसले तर आत गंज चढला आहे. अशी यंत्रणा धुऊन घ्यावी, रबरी नळ्या फुगल्या किंवा तडकल्या असतील तर बदलाव्यात, रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो की नाही हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे आणि पुढे कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे.

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा दिलेलाच नसतो; फक्त एक लाल दिवा असतो. तो लागला की एसी बंद करावा, शक्य तितक्या लवकर कडेला थांबावे आणि इंजिन बंद करावे. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण सुरू ठेवला तर इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. "पुढच्या गावापर्यंत नेऊ, तेथे गॅरेज आहे" हा विचार सर्वांत महागात पडतो. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकते, त्याखालचे गॅस्केट फुटते, पाणी ऑइलमध्ये शिरते आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस दिसू लागतो. मग हेड उतरवणे, लेथवर नेऊन घासणे आणि पुन्हा बसवणे ओघाने आले. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळत्या पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबण्यास पर्याय नाही, मग दुकान उघडायला उशीर झाला तरी चालेल.

टायमिंग बेल्टची गोष्ट वेगळी. तो तुटण्यापूर्वी आवाज देत नाही, दिवा लावत नाही. मारुती ८००, जुनी ८०० सीसीची अल्टो आणि जुनी सँट्रो यांत हा रबरी पट्टा आहे. मारुतीच्या नंतरच्या के-मालिकेच्या इंजिनांत त्या जागी साखळी आहे. आपल्या गाडीत काय आहे हे विचारून घ्यावे. पट्टा असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदलून टाकावा, सोबत त्याचा टेन्शनरही. काही इंजिनांत पट्टा तुटताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. रबर किलोमीटरने जसे झिजते तसे वयानेही कडक होते, हे कमी चाललेल्या गाडीच्या मालकाने विशेष ध्यानात ठेवावे.

आतापर्यंत जे लिहिले ते पैशाचे झाले. ब्रेक आणि टायर यांचा हिशेब मात्र पैशात करता येत नाही, आणि तेथे काटकसर करणाऱ्या गृहस्थाशी माझा वाद आहे. लग्नासाठी, तीर्थयात्रेसाठी सात माणसे पाच जणांच्या गाडीत बसून निघतात, वर डिकीत डबे आणि बॅगा. गाडी घाट उतरू लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की कमी उष्णतेला उकळते. सतत दाबून धरलेल्या ब्रेकच्या उष्णतेने त्यात वाफ होते आणि पेडल एकाएकी मऊ पडून खाली जाते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. टायरच्या कडेवर लंबवर्तुळात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरची नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचे, बारीक भेगा पडलेले टायर बदलावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो टायर कायद्यानेही बाद आहे. पावसाळ्यापूर्वी हे पाहावे. स्टेपनीचेही वय पाहावे, कारण ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, चालकाच्या दारावरील तक्त्याप्रमाणे भरावी.

मालवाहतुकीचाही येथेच उल्लेख करतो. खासगी गाडीची मागची सीट पाडून तेलाचे डबे किंवा कापडाचे गठ्ठे नेण्याची सवय आपल्या बाजारपेठेत सर्रास आहे. नोंदणी खासगी असताना धंद्याच्या मालाची ने-आण करणे नियमातही बसत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला प्रश्न विचारण्याची संधी मिळते. मागच्या स्प्रिंगा बसतात आणि वळणावर गाडी झुलू लागते ते निराळेच.

भुसार मालाच्या दुकानांना एक उपद्रव विशेष होतो, तो उंदरांचा. गोदामाशेजारी रात्री उभी राहिलेली गाडी म्हणजे उंदराला उबदार घर. वायरींचे आवरण कुरतडले जाते, सकाळी गाडी सुरू होत नाही आणि वायरिंगचा दोष शोधण्यात मिस्त्रीचा दिवस जातो. विषारी गोळ्या किंवा चिकट सापळे हे उपाय आपल्या घरांना मान्य होणारे नाहीत, आणि गाडीपुरते पाहिले तर त्यांची आवश्यकताही नाही. गाडी गोदामापासून व कचराकुंडीपासून दूर उभी करावी. गाडीत खाकरा, चिवडा, शेंगदाणे यांचा कणही राहू देऊ नये. खालची मोकळी छिद्रे आणि एसीच्या हवेची वाट बारीक तारेच्या जाळीने बंद करून घ्यावी. रात्री शक्य असेल तर बॉनेट किंचित उघडे ठेवावे. अंधार आणि ऊब गेली की उंदीर तेथे राहत नाही. गाडी रोज थोडी हलवावी. आठ-आठ दिवस एकाच जागी उभी राहणारी गाडी उंदरांनाही आवडते आणि बॅटरीलाही ते मानवत नाही. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आत मांजराचे पिल्लू किंवा खार झोपलेली असू शकते. थंडीत तर हे न चुकता करावे.

इंधनाबाबत थोडक्यात. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांच्या रबरी नळ्या व सील त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या पाहण्यास सांगावे आणि पेट्रोलचा वास आल्यास गाडी चालवू नये. सीएनजी किट बसवलेली गाडी घेत असाल तर किटची नोंद आरसी पुस्तकात आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे का, हे दोन्ही कागद पाहूनच बयाणा द्यावा.

गाडी सांभाळण्यातील सर्वांत मोठी अडचण यांत्रिक नाही असे मला वाटते. एकत्र कुटुंबात जुनी गाडी सामायिक असते. थोरले भाऊ सकाळी बँकेत नेतात, पुतण्या दुपारी वसुलीला, संध्याकाळी वहिनी मुलांना क्लासला सोडतात. लाल दिवा तिघांनाही दिसतो आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल. दुकानाची किल्ली कोणाकडे असते हे प्रत्येक घरात ठरलेले असते. तसे गाडीचे काम एकाच माणसाच्या नावावर असावे. तो घरातील सर्वांत लहान कमावता मुलगा असला तरी चालेल, मुलगी किंवा सून असली तर अधिक चांगले, कारण ती वही नीट लिहील. गाडीत एक छोटी वही ठेवावी. पेट्रोल भरले की किलोमीटर आणि रुपये, काम झाले की काय बदलले ते. मायलेज सतरावरून चौदावर आले की ती वही काही तरी बिघडल्याचे मिस्त्रीआधी सांगते.

आता मिस्त्रीविषयी. घासाघीस हा आपला स्वभाव आहे आणि त्यात गैर काही नाही. पण गॅरेजमध्ये ती चुकीच्या जागी होते. मजुरीत दोनशे रुपये कापले की ते दोनशे रुपये कोठून तरी भरून निघतात, आणि बहुधा ते ब्रेकपॅडच्या दर्जातून निघतात. मजुरी योग्य द्यावी, वेळेवर द्यावी, उधारी ठेवू नये. सुटे भाग मात्र कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून स्वतः बिलासह आणावेत किंवा वेष्टनावरील किंमत पाहून घ्यावी आणि काढलेला जुना भाग परत मागावा. संशय म्हणून नव्हे. जुना भाग हातात घेऊन काय झिजले हे मिस्त्रीने पाच मिनिटे समजावले की पुढच्या वेळी आपल्यालाच आवाज ओळखता येतो. एकच मिस्त्री धरावा. जो मिस्त्री "हे अजून सहा महिने चालेल, आज बदलू नका" असे स्वतः सांगतो, त्याला सोडू नये.

गाडी पेढीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर आपल्या सीएंशी आधी बोलावे. प्राप्तिकरात मोटारीवर १५ टक्के घसारा मिळतो आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. जीएसटीत मात्र सामान्य व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवरील कराची वजावट मिळत नाही, तिच्या दुरुस्तीवरील आणि विम्यावरील कराचीही नाही. म्हणजे गॅरेजच्या बिलावरचा कर हा आपला खर्चच.

एवढे करूनही एक दिवस मोठे काम निघते. "गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती मोठी, विकून टाका" असा सल्ला लगेच येतो. तो नेहमी बरोबर नसतो. चाळीस हजारांच्या कामाची तुलना आपल्या गाडीच्या ऐंशी हजार किमतीशी करावयाची नसून, तेच चाळीस हजार घालून बाजारात त्याहून चांगली गाडी मिळते का, याच्याशी करावयाची असते; आणि ती अनोळखी गाडीसुद्धा पहिल्या वर्षी आपला पाचवा हिस्सा मागणारच. वहीत सर्व नोंदी असतील, बाकीची गाडी निरोगी असेल, तर दुरुस्ती करून तीन वर्षे वापरणे पुष्कळदा स्वस्त पडते. सांगाडा गंजला असेल, विशेषतः सस्पेन्शन जेथे बसते तेथील पत्रा किंवा दाराखालचा पाया पोखरला असेल, तर मात्र खर्च करू नये. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्या म्हणूनच लिफ्टवर चढवून खालून पाहाव्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तोही खर्च आधी वहीत धरावा.

घेताना असो वा विकताना, नावांतराचे काम त्याच आठवड्यात पुरे करावे. घेणाऱ्याने हस्तांतरानंतर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही. विकणाऱ्याची जोखीम याहून मोठी आहे. आरसीवर ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. गाडी पुढे दोन-तीन हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली केली म्हणजे आपण सुटलो असे नाही. सह्या केलेल्या कागदांची आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवावी, गाडी दिल्याची तारीख व वेळ लिहून त्याची सही घ्यावी, आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नवे नाव चढल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत दर आठवड्याला दलालाला फोन करीत राहावे.